खडकातून उरणपर्यंत

१ रुपयाच्या नोटेची मागची बाजू पाहिली तर समुद्रात पाय रोवून उभा असलेला एक तेलाचा रिग दिसतो. हा ‘सागर सम्राट’. जपानमध्ये मित्सुबिशीने बांधलेला हा रिग १९७३ मध्ये भारतात आला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर त्याला तेल लागलं. त्याच सुमारास अरब देशांनी पुरवठा रोखल्यामुळे जगात तेलाचे भाव चौपटीच्या घरात गेले होते. अशा वेळी घरच्या समुद्रात तेल मिळालं, तेव्हा शोधणाऱ्याला नोटेवर जागा मिळणं रास्तच होतं. पण तेल सापडणं हा या धंद्यातला सगळ्यात थोडक्या वेळाचा भाग. ते वर आणणं, त्यातलं पाणी आणि वायू वेगळे करणं, खडकातला दाब टिकवून धरणं आणि सगळं किनाऱ्याला पोचवणं हे काम त्या तेलक्षेत्रावर, म्हणजे मुंबई हायवर, पन्नास वर्षं चाललं आहे. त्याचं चित्र कोणत्याच नोटेवर नाही.

जमिनीच्या पोटात तेलाचं तळं असतं, नळी घातली की तेल ओढून घ्यायचं, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तिथे असतो खडक. साठच्या दशकात ‘अकॅडेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून भारतीय आणि रशियन भूवैज्ञानिकांनी खंबातच्या आखातापासून खाली पाहणी केली. समुद्रतळाखाली ध्वनिलहरी सोडायच्या आणि त्यांच्या परतीच्या वेळेवरून थरांचा आकार ओळखायचा, अशी ती पद्धत. त्यात एक भलामोठा उंचवटा दिसला, तोच मुंबई हाय. इथे समुद्राची खोली ७५ मीटरच्या आसपास. त्याखाली साधारण १,३०० ते १,४०० मीटरवर चुनखडीचा थर आहे आणि त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं आहे. वर वायू, मधे तेल, खाली पाणी. या सगळ्यावर शेल या खडकाचं घट्ट झाकण नसतं तर तेल कधीच निसटून गेलं असतं.

विहीर खोदताना सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे चिखल. रिगवर सगळे त्याला ‘मड’च म्हणतात. पोकळ पाइपातून तो खाली सोडतात. तो बिटला, म्हणजे खोदणाऱ्या टोकाला, थंड ठेवतो आणि खडकाचा चुरा घेऊन वर येतो. मुख्य म्हणजे स्वतःच्या वजनाने खालचा दाब दाबून धरतो. मड हलका पडला तर विहीर उसळते, फार जड झाला तर खडकच फुटतो आणि मड त्यात मुरून जातो. वर आलेला चुरा चाळणीवर गाळून भूवैज्ञानिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, कारण तळाशी काय चाललंय हे सांगणारा पहिला साक्षीदार तोच. हवी ती खोली गाठली की पोलादी नळ्या उतरवून भोवती सिमेंट भरतात. मग तेलाच्या थरासमोर स्फोटकांनी त्याच नळीला भोकं पाडतात. एवढ्या काळजीने बुजवलेली विहीर पुन्हा फोडायची, हे बाहेरच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल. पण तेल हव्या त्याच थरातून यावं यासाठी दुसरा उपाय नाही. विहिरीच्या तोंडावर झडपांचा जो मनोरा बसतो त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात.

या मनोऱ्यातून जे बाहेर येतं ते कुणी पहिल्यांदा पाहिलं तर त्याची निराशाच होईल. तेल, खारं पाणी, वायू आणि थोडी रेती यांचा तो फेसाळ काला असतो. खडकातल्या दाबाखाली वायू तेलात विरघळलेला असतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर जे होतं तेच इथे दाब उतरताच होतं. विहिरींच्या छोट्या, बहुतेक वेळा निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवरून हा काला समुद्रतळावरच्या नळ्यांनी प्रोसेस प्लॅटफॉर्मवर येतो आणि सेपरेटरमध्ये शिरतो. सेपरेटर म्हणजे आडवी पोलादी टाकी. आत शिरताच प्रवाह एका पत्र्यावर आपटतो, वायू वरच्या वाटेने निघून जातो. उरलेलं संथपणे पुढे सरकतं. पाणी तळाला बसतं, तेल वर तरंगतं आणि टाकीच्या टोकाकडच्या आडव्या भिंतीवरून पलीकडे सांडतं. पाणी अलीकडेच राहतं आणि खालच्या झडपेतून काढून घेतात. समुद्रातल्या त्या अवाढव्य लोखंडाचा मोठा हिस्सा या विभागणीसाठी उभा आहे.

खरी झुंज दाबाशी. सुरुवातीला तेल आपल्या जोराने वर येतं. जसजसं काढावं तसतसा दाब ओसरतो आणि विहिरीत पाणी वाढतं. मग ‘गॅस लिफ्ट’ करावं लागतं, म्हणजे त्याच क्षेत्रातला वायू दाबून विहिरीत सोडायचा. त्याने तेलाचा स्तंभ हलका होतो आणि वर चढतो. दुसरीकडे समुद्राचं पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून खडकात भरतात. प्राणवायू राहिला तर नळ्या गंजतात. एवढं करूनही मोठा भाग खडकातच अडकून राहतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई हायने वर्षाला सुमारे २ कोटी टन तेल दिलं, नंतर ते घसरत गेलं. २००० पासून पुनर्विकासाच्या योजना आल्या आणि २०२५ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने ब्रिटनच्या बीपी कंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी बोलावलं. ‘सागर सम्राट’लाही खोदाईतून निवृत्त करून उत्पादनाच्या कामाला जुंपलं. २०२२ च्या डिसेंबरपासून तो तेल शोधत नाही, काढतो.

इथली माणसं चौदा दिवस कामावर, चौदा दिवस घरी अशा पाळीने राहतात. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचं. त्यासाठी गोव्यात बेतूलला ओएनजीसीच्या संस्थेत प्रशिक्षण असतं. हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्यात बुडवून उलटा करतात, आत पट्ट्यात बांधलेल्या माणसाने श्वास रोखून खिडकीतून बाहेर यायचं.

२७ जुलै २००५ ला मात्र धोका दुसऱ्याच बाजूने आला. आदल्या दिवशीच्या पावसामुळे मुंबईतली हेलिकॉप्टरं अडकून पडली होती. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या जखमी आचाऱ्याला क्रेनने मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. उसळत्या लाटांत जहाजाचा हेलिकॉप्टर-तळ प्लॅटफॉर्मच्या रायझरवर आदळला. समुद्रतळावरची नळी प्लॅटफॉर्मपर्यंत वर चढते तो उभा भाग म्हणजे रायझर, आणि यात होता गॅस लिफ्टचा वायू. अशी नळी फुटली की प्लॅटफॉर्मवरच्या झडपा बंद करून भागत नाही, पलीकडच्या लांबलचक नळीतला वायू येतच राहतो. सुमारे दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म जळून समुद्रात गेला. २२ माणसं दगावली. नळ्या कुठून चढवायच्या हा आराखड्यातला किरकोळ वाटणारा प्रश्न. त्याचं मोल त्या दिवशी कळलं.

मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा तेल समुद्रातल्या बोयापाशी टँकरमध्ये भरत. पावसाळ्यात हा उद्योग जिकिरीचा. १९७८ पासून समुद्रतळावरच्या पाइपलाइनींनी तेल आणि वायू उरणला येऊ लागले. मुंबई हायचं तेल हलकं आणि कमी गंधकाचं, म्हणून रिफायनऱ्यांना आवडतं. पण त्यात मेण बरंच. समुद्राच्या गार पाण्यात हे मेण नळीच्या आतल्या भिंतीला धरतं. ते खरवडायला ‘पिग’ सोडतात. नळीत घट्ट बसणारा हा बोळा, त्याला रबरी चकत्या आणि ब्रश. मागच्या प्रवाहाच्या रेट्याने तो पुढे सरकत जातो आणि दुसऱ्या टोकाला मेण, गाळ घेऊन बाहेर पडतो. काही पिगांमध्ये उपकरणं असतात, ती नळीची जाडी कुठे झिजली आहे ते टिपून आणतात.

उरणला वाटा फुटतात. वायूतला हायड्रोजन सल्फाइड काढतात, स्वयंपाकाचा गॅस वेगळा होतो, इथेन-प्रोपेन नागोठण्याच्या कारखान्याकडे जातं. वायू थळच्या खत कारखान्याला आणि उरणच्या सरकारी वीज केंद्रालाही मिळतो. तेलातले उरलेसुरले हलके वायू काढून ते टाकीत ठेवण्याजोगं करतात, मग पाइपलाइनने ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांकडे. देण्यापूर्वी टाकीतून नमुना घेतात आणि अंगठ्याएवढ्या रुंद काचेच्या नळीत घालून गरगर फिरवतात. खाली पाण्याचा आणि गाळाचा पातळ थर बसतो, त्याची उंची वाचून टक्केवारी लिहितात. बिलातून तेवढा भाग वजा होतो. खडकापासून इथवर वेगळं करत आणलेल्या पाण्याचे पैसे रिफायनरी देत नाही.