ग्लिसरीन खाणारे जंतु

तेलांत कॉस्टिक सोडा घालून साबण केला, म्हणजे साबणाबरोबर एक गोड, दाट द्रव्य सुटतें, तेंच ग्लिसरीन. १९१४-१८ च्या महायुद्धांत स्फोटकांसाठीं जर्मनीस तें इतकें अपुरें पडलें, कीं तेथें साखरेंत यीस्ट घालून ग्लिसरीन करावें लागलें. आज उलट स्थिति आहे. तेलापासून बायोडिझेल हें इंधन करतांना दर १०० किलो इंधनामागें सुमारें १० किलो ग्लिसरीन उरतें. आणि त्यांत क्षार, साबण व विषारी मेथॅनॉल मिसळलेलें असल्यामुळें त्यास भाव येत नाहीं.

जंतु म्हटले कीं आपणांस रोगच आठवतात. दह्याचें विरजण आपण विसरतों! १८८१ सालीं ऑगस्ट फ्रॉइंड ह्यांस आंबविलेल्या ग्लिसरिनांत प्रोपेनडायॉल सांपडलें. क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा जंतु तें करतो. त्यास हवा मुळींच खपत नाहीं. ग्लिसरिनाचा कांहीं भाग मोडून तो आपला निर्वाह करतो. परंतु त्या कामीं सुटणारा हायड्रोजन कोठें तरी टाकणें त्यास भाग असतें, व तो उरलेल्या ग्लिसरिनाच्या गळ्यांत बांधतो. तेव्हां त्या ग्लिसरिनांतून पाण्याचा एक रेणु निघून जातो, हायड्रोजन आंत येतो, आणि प्रोपेनडायॉल तयार होतें. जंतूस हा केर. आपण त्यापासून चिवट धागा काढून गालिचे विणतों.

क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जंतुहि हेंच काम चांगलें करतो, पण तो मनुष्यास न्यूमोनिया आणूं शकतो. म्हणून आम्हांस पहिलाच बरा वाटतो. मात्र ग्लिसरिनांतील घाण जंतूंसहि बाधते, आणि तें शुद्ध करावें तर खर्च वाढतो. ती घाण सोसणाऱ्या जंतूंचा शोध चालू आहे.