तीन कुलपांच्या पेटीतली माणसं

हॅम्पशरमधल्या स्टीव्हन्टन गावच्या चर्चची जुनी विवाहनोंदवही आज विंचेस्टरच्या अभिलेखागारात आहे. नोंद कशी करायची हे कळावं म्हणून तिच्यात एक छापील नमुन्याचं पान होतं. त्यातल्या मोकळ्या जागा गावच्या पाद्रीबाबांच्या मुलीने भरून टाकल्या. एका जागी तिने नवरा लिहिला लंडनचा हेन्री फ्रेडरिक हॉवर्ड फिट्झविल्यम, दुसऱ्या जागी लिव्हरपूलचा एडमंड आर्थर विल्यम मॉर्टिमर आणि तिसऱ्या जागी साधासुधा जॅक स्मिथ. ही मुलगी म्हणजे जेन ऑस्टिन. पुढे ती मोठी कादंबरीकार झाली आणि शेवटपर्यंत अविवाहित राहिली.

सुदैवाने ती कोण हे जगाला ठाऊक आहे. एरवी अठराव्या शतकातल्या इंग्रज कुळाचा शोध घेणाऱ्यापुढे असंच एखादं नाव येतं, आणि ते खरोखर आपल्याच पूर्वजाचं आहे का, हे ठरवण्यात वर्षं जातात.

सरकारी जन्ममृत्यूनोंदणी इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ला सुरू झाली. त्याआधीचा सगळा भार चर्चवर होता. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी. वही ठेवायच्या पेटीला पुढे तीन कुलपं सक्तीची झाली. एक किल्ली पाद्र्याकडे, उरलेल्या दोन चर्चवॉर्डनांकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्यांकडे. तिघे जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. १५९८पासून दरवर्षीची नक्कल बिशपकडे जाऊ लागली. मूळ वही ओलीने कुजली किंवा उंदरांनी खाल्ली, तर या नकलेवरच सगळी भिस्त असते.

वहीत मात्र जन्माची नव्हे, बाप्तिस्म्याची तारीख असते. जेन ऑस्टिन १६ डिसेंबर १७७५ला जन्मली, दुसऱ्या दिवशी वडिलांनी घरीच तिचा बाप्तिस्मा केला आणि चर्चमधला विधी झाला ५ एप्रिल १७७६ला. ही शेवटची तारीखच कुणी जन्मतारीख धरली, तर वर्षच चुकेल. कुठे मूल महिन्याचं असताना बाप्तिस्मा होई, तर कुठे चार भावंडांना एकाच दिवशी चर्चमध्ये नेत.

वर्ष मोजण्याचीही गंमत आहे. १७५१पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर नववर्ष २५ मार्चला लागे. समजा, एका जोडप्याचं लग्न मे १७२३मधलं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा ‘फेब्रुवारी १७२३’चा. नवख्याला वाटतं, मूल लग्नाआधीचं. प्रत्यक्षात तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२४चा, म्हणजे लग्नानंतर नऊ महिन्यांचा. पुढे १७५२मध्ये दिनदर्शिका बदलली तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ सप्टेंबर उजाडला.

लग्नांच्या बाबतीत १७५४ हे वर्ष महत्त्वाचं. त्याआधी लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास पैसे घेऊन चोरून लग्नं लावणारे पाद्री होते. त्यांच्या वह्यांत मागच्या तारखा घुसडलेल्या सापडतात. हार्डविकच्या कायद्याने २५ मार्च १७५४पासून हा धंदा बंद केला. क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सर्वांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावणं भाग पडलं, वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आल्या. जेनने भरलेला नमुना याच व्यवस्थेतला. ज्याला लिहिता येत नसे तो फुली मारी. पण दुसऱ्या कागदावरच्या सहीशी ताडून दोन ‘जॉन टेलर’ वेगळे करायची सोय झाली ती इथूनच.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुतेक ठिकाणी मूल आणि आईबाप, एवढंच. यॉर्कशरचे पाद्री विल्यम डेड यांना हे अपुरं वाटलं. त्यांच्या पद्धतीच्या वहीत मूल कितवं, बाप काय करतो, आजी-आजोबा कोण आणि कुठले, हे सगळं लिहिलं जाई. यॉर्कच्या आर्चबिशपांनी १७७७मध्ये ती पद्धत आपल्या इलाख्यात लागू केली. पुष्कळ पाद्र्यांना एवढं लिहिणं जिवावर आलं, पण जिथे ते झालं तिथे एका नोंदीत तीन पिढ्या हाती लागतात.

शोधणाऱ्याची सर्वांत मोठी चूक मात्र वहीतल्या उणिवेमुळे होत नाही, घाईमुळे होते. हव्या त्या नावाचा, हव्या त्या वर्षाचा बाप्तिस्मा सापडला की तोच आपला पूर्वज असं तो धरून चालतो. त्याने आधी दफनाची पानं उलटावीत. ते बाळ दीड वर्षाचं होऊन गेलेलं असू शकतं. शिवाय गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची रीतच होती.

पेटीत वह्यांशिवाय गरिबांचे कागदही असत, आणि ते वाचताना गलबलून येतं. १६६२च्या कायद्याने गरिबाला पोसण्याची जबाबदारी त्याच्या ‘स्वतःच्या’ पॅरिशवर टाकली होती. म्हणून आजारी मजूर किंवा गरोदर विधवा दारी आली, की तिला न्यायाधीशांपुढे उभं करून शपथेवर विचारत: जन्म कुठला, चाकरी कुणाकडे केली, वर्ष पुरं भरलं का, लग्न कुठे झालं. मग बहुधा तिची रवानगी दुसऱ्या पॅरिशला होई. खर्च टाळण्यासाठी घेतलेल्या या जबान्याच अक्षरशत्रू माणसांची आत्मचरित्रं होऊन बसल्या आहेत.

थोडंफार ज्यांच्या गाठीशी होतं, त्यांच्यासाठी मृत्युपत्रं. १८५८पर्यंत ती चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. खाली बिशपच्या हाताखालच्या आर्चडीकनचं न्यायालय, वर बिशपचं आणि सर्वांत वर कँटरबरीच्या आर्चबिशपचं. या शेवटच्या न्यायालयाकडची दहा लाखांहून अधिक मृत्युपत्रं लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. डेव्हनकरांचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं: मे १९४२मध्ये डेव्हनमधल्या एक्सेटर शहरावर बाँब पडले आणि तिथली मृत्युपत्रं जळून गेली.

मृत्युपत्र वहीला बोलतं करतं. मुलगी कुणाला दिली, कोणता भाऊ लंडनला गेला, कोणता पुतण्या अजून सज्ञान नाही, हे त्यात कळतं. विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, त्यामुळे खरा खजिना विधवा आणि अविवाहित आत्या-मावश्यांकडे असतो. त्या भाच्यांची लग्नानंतरची नावं घेऊन एकेकीला चमचे आणि झगे वाटतात. थोरल्या मुलाचं नाव नसलं, तर तो बेदखल झाला असं लगेच मानू नये. जमीन त्याला आधीच मिळालेली असू शकते. शब्दांचेही अर्थ बदललेत. त्या काळी ‘सन-इन-लॉ’ म्हणजे सावत्र मुलगाही असे, आणि ‘कझिन’मध्ये जवळपास कुठलाही नातेवाईक बसे.

जेन ऑस्टिनने एप्रिल १८१७मध्ये आपलं मृत्युपत्र लिहिलं. जवळपास सगळं बहीण कॅसांड्राला दिलं, पण साक्षीदार घेतले नाहीत. तिच्या मृत्यूनंतर हस्ताक्षर तिचंच आहे अशी शपथ दोघांना घ्यावी लागली. ते दोघे म्हणजे जॉन ग्रोव्ह पामर आणि हॅरिएट पामर: तिचा भाऊ चार्ल्स याचे सासरे आणि मेहुणी. चार्ल्सची पहिली बायको वारली होती. पुढे त्याने याच हॅरिएटशी लग्न केलं. कागदाच्या कडेची नावंही तपासायची ती यासाठी.

आणि कधी कधी गावात बाप्तिस्मा सापडतो, पण लग्न नाही, दफन नाही. मग कँटरबरीच्या दप्तरात बघायचं, कारण समुद्रावर किंवा परदेशात मेलेल्यांची मृत्युपत्रं तिथे येत. त्यात ईस्ट इंडिया कंपनीचं नाव दिसलं, तर शोध मुंबईकडे वळतो. फोर्टातलं सेंट थॉमस चर्च १७१८च्या नाताळात उघडलं. मुंबईच्या पाद्र्यांनी लंडनला पाठवलेल्या नोंदींच्या नकला १७०९पासूनच्या आहेत आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात. गावच्या वहीतून नाहीसा झालेला मुलगा तिथल्या दफनांच्या यादीत शोधायचा.