कोरपन्यात वसंत येतो पानगळीच्या वाटेने

वसंत म्हटला की हिरवीगार बाग, कोवळी पालवी आणि प्रसन्न गारवा असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यात या चित्राचा प्रत्यय येत नाही. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला हा तालुका चुनखडीच्या खाणी, सिमेंट कारखाने आणि कापसाची शेती यांसाठी ओळखला जातो. येथे वसंताची पहिली चाहूल लागते ती पायाखाली वाजणाऱ्या पाचोळ्यातून. पंचांगाप्रमाणे वसंताचे महिने चैत्र आणि वैशाख. परंतु विदर्भात चैत्र उजाडेपर्यंत उन्हाचा तडाखा सुरू झालेला असतो. त्यामुळे ऋतुबदलाच्या खुणा शोधायच्या तर माघ महिन्यापासूनच परसबागेत डोकावावे लागते.

परसातील क्रम

या खुणांना एक ठरावीक क्रम आहे. सर्वप्रथम आंब्याला मोहोर येतो. डिसेंबर-जानेवारीतील थंड रात्री मोहोर फुटण्यास पोषक ठरतात. थंडी पुरेशी पडली नाही तर मोहोर लांबतो किंवा विरळ येतो, आणि ऐन मोहोरात आभाळ भरून आले तर तुडतुडे व भुरी रोग बळावतात. याच सुमारास विदर्भात मुंगना म्हणून ओळखला जाणारा शेवगा पांढऱ्या फुलांनी भरून जातो. पाठोपाठ कडुनिंबाची पाने पिवळी पडून गळतात व काही दिवसांतच तांबूस पालवी फुटते. गुढीपाडव्याला खाल्ला जातो तो याच झाडाचा कोवळा पाला. कोवळ्या पानांचा तांबडा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. हरितद्रव्य पुरेसे तयार होईपर्यंत नाजूक पानांचे प्रखर उन्हापासून रक्षण करण्यास हे द्रव्य उपयोगी पडते, असे वनस्पतिशास्त्र सांगते. दरम्यान कोकिळाचे कूजनही वाढू लागते. हा आवाज नराचा असून त्याच्या विणीचा हंगाम जवळ आल्याची ती सूचना होय.

निष्पर्ण झाडाला फुले कशी?

कुंपणापलीकडे, शेतांच्या बांधांवर आणि जंगलात काटेसावर व पळस फुलतात. अंगावर पान नसताना, पाऊस थांबून काही महिने लोटले असताना ही झाडे एवढी फुलतात कशी, हा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर पानगळीतच दडलेले आहे. झाडातील बहुतांश पाणी पानांवाटे बाष्परूपाने बाहेर पडते. पाने गळाली की हा खर्च थांबतो, खोल गेलेल्या मुळांनी ओढलेले पाणी खोडात साठते आणि त्या बळावर कळ्या उमलतात. शुष्क पानझडी वनांतील काही झाडे दिवस लांबू लागल्याचेही ओळखतात व पावसाची वाट न पाहता पालवी धरतात.

पाने नसण्याचा दुसरा लाभ परागीभवनात होतो. पळसाची केशरी फुले दुरूनही दिसतात आणि मधुरसासाठी मैना, बुलबुल, सूर्यपक्षी असे पक्षी त्यांवर झेपावतात. पक्षी मुख्यतः रंग पाहून येतात. त्यामुळे पळसाला गंध नसला तरी त्याचे काही अडत नाही. मोहाची रीत याच्या नेमकी उलट आहे. त्याची फिकट, उग्र वासाची फुले रात्री उमलतात, वटवाघळांना आकर्षित करतात आणि मांसल, गोड पाकळ्या पहाटे जमिनीवर गळून पडतात.

फुलांवर बेतलेले अर्थकारण

शहरी वाचकाला ही केवळ निसर्गशोभा वाटेल. परंतु कोलाम, गोंड आणि वनालगतच्या इतर कुटुंबांसाठी मोह फुलणे म्हणजे हातात पैसा येण्याचे दिवस. मार्च-एप्रिलमध्ये, शेतीची कामे कमी असताना, भल्या पहाटे फुले वेचून वाळविली जातात. हा हंगाम काही आठवड्यांचाच असतो. त्यात अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर वेचलेली फुले काळी पडतात, कुजतात आणि त्यांना भाव मिळत नाही.

याच हंगामाला दोन धोके जोडलेले आहेत. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो आणि ती आग पुढे जंगलात पसरते. झाडाखाली जाळी किंवा जुने लुगडे अंथरणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. दुसरा धोका वाघाचा. चंद्रपूर जिल्ह्यात पहाटेच्या अंधुक उजेडात वाकून फुले वेचणाऱ्यांवर वाघाचे हल्ले झाले आहेत. त्यामुळे एकट्याने न जाता गटाने व उजाडल्यावर जाणे हितावह ठरते.

नोंदीचे महत्त्व

मोह यंदा लवकर फुलला की उशिरा, हे गावातील जाणती माणसे अचूक सांगतात. मात्र हे ज्ञान बहुधा स्मरणातच राहते. जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी जुन्या रोजनिश्यांच्या आधारे सुमारे १२०० वर्षे मागे नेता येतात. म्हणूनच २६ मार्च २०२१ रोजी आलेला पूर्ण बहर हा तोपर्यंतच्या नोंदींतील सर्वांत लवकरचा ठरला, हे ठामपणे सांगता आले. भारतात ‘सीझनवॉच’ हा उपक्रम विद्यार्थी व नागरिकांकडून झाडांच्या अशाच नोंदी गोळा करतो.

यासाठी फार साधने लागत नाहीत. अंगणातील किंवा रस्त्यालगतचे एक झाड निवडावे, आठवड्यातून एकदा त्याचे निरीक्षण करावे आणि पहिली कळी, पहिले फूल, पूर्ण बहर व पहिली पालवी यांच्या तारखा वहीत लिहाव्यात. एका वर्षाच्या नोंदीवरून निष्कर्ष निघत नाही. दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी हाती असतील, तर बहर खरोखरच सरकतो आहे काय, हे कळू शकेल. मोहफुलांवर अवलंबून असलेल्या कुटुंबाला हवामानामुळे झालेले नुकसान सांगायचे असेल, तेव्हाही अशी वही उपयोगी पडेल.