विश्लेषण : नेटवर्कचे सॉफ्टवेअर सगळ्यांचे, मग अडले तर विचारायचे कोणाला?

सोलापूरच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज निघतात. मानकरी वेगवेगळे, पण मिरवणूक एकच. मोबाइल कंपन्यांसाठी लिहिल्या जाणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे चित्र २०१७ पर्यंत उलटे होते. मिरवणूक एक, पण प्रत्येकाची वाट वेगळी.

नेमके काय होते?

ओपनडेलाइट नेटवर्कला रहदारी कुठून न्यायची ते सांगते, एफडी.आयओ डेटाची पॅकेट वेगाने पुढे ढकलते, ओएनएपी सेवा उभारते आणि सांभाळते. ओएनएपी स्वतःच २०१७ मध्ये दोन प्रकल्प एकत्र करून तयार झाला. त्याच्या सदस्यांत जिओ आणि पुण्याची टेक महिंद्रही होती. प्रत्येक प्रकल्पाचे संचालक मंडळ आणि बजेट मात्र स्वतंत्र. जानेवारी २०१८ मध्ये ‘लिनक्स फाउंडेशन नेटवर्किंग’ ही छत्री उभी राहिली. पैसा, प्रसिद्धी आणि मंडळ सामायिक झाले. तांत्रिक निर्णय प्रत्येक प्रकल्पाच्या समितीकडेच राहिले. हे विलीनीकरण नव्हे, आणि ते शहाणपणाचेच झाले.

डेमोला एवढे महत्त्व का?

कारण खोट बहुतेकदा सांध्यात असते. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या जागी बरोबर चालतात, जोडले की अडतात. मग ‘चूक तुमच्याकडची’ सुरू होते. प्रत्येकाच्या नव्या आवृत्तीची तारीख वेगळी, त्यामुळे कोणती आवृत्ती कोणाशी जुळते हे आधी ठरवावे लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सॅन दिएगोच्या कुबकॉन परिषदेत ५जी नेटवर्कचे थेट प्रात्यक्षिक झाले, तेव्हा मंच अमेरिकेत आणि प्रयोगशाळा कॅनडा व फ्रान्समध्ये होत्या. हजारोंसमोर अडकण्याची भीती असली की सांधे नीट तपासले जातात!

तक्रार कोणाकडे?

इथे कस्टमर केअर नाही. बग नोंदवायचा आणि स्वयंसेवकाची वाट पाहायची. मध्यरात्री टॉवर बंद पडल्यावर हे परवडत नाही, म्हणून कंपन्या पैसे मोजून सपोर्ट देणारा पुरवठादार गाठतात. तो दुरुस्ती मूळ प्रकल्पाला परत देतो की स्वतःजवळ ठेवतो, यावर पुढच्याचा त्रास अवलंबून असतो.

सोलापुरातल्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठीही दार उघडे आहे. लिनक्स फाउंडेशनचा मानधनासह मेंटॉरशिप कार्यक्रम आहे. सुरुवात कोडनेच करावी असे नाही. दुसऱ्याने नोंदवलेला बग आपल्या लॅपटॉपवर पुन्हा घडवून दाखवला, तरी दुरुस्ती करणाऱ्याचे अर्धे काम होते.