लोणार : खाराचे सरोवर आणि गोड पाण्याची धार

लोणार हे गाव सरोवराच्या आधी पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अकोल्याहून पातूर, मालेगाव, मेहकर या मार्गाने येणारे बहुतेक प्रवासी थेट विवराच्या कडेवर जाऊन उभे राहतात, छायाचित्रे काढतात आणि दिवस मावळण्याआधी परततात. बुलडाणा जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव मात्र शतकानुशतके त्या सरोवराच्या आधाराने जगत आले आहे. गावाच्या नावातच लवण आहे. लवणासुराने येथे उच्छाद मांडला आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले, ही कथा वऱ्हाडात घरोघरी ठाऊक आहे.

सरोवराच्या उत्पत्तीचा वाद दीर्घकाळ चालला. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1823 साली या स्थळाची नोंद केली. येथील सारे पठार लाव्हारसाचे असल्यामुळे हेही ज्वालामुखीचेच मुख असावे, असा तर्क स्वाभाविक होता. 1896 मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट याने अ‍ॅरिझोनातील प्रचंड विवराची लोणारशी तुलना केली. साम्य त्याने अचूक हेरले, पण दोन्ही विवरे भूगर्भातील वाफेच्या स्फोटाची, असा निष्कर्ष काढला. तुलना बरोबर आणि निर्णय चूक, असा हा विज्ञानाच्या इतिहासातील मौजेचा प्रसंग आहे. दोन्ही विवरे उल्कापाताची निघाली. लोणारच्या बाबतीत निर्णायक पुरावा 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. येथील खडकांत मॅस्केलिनाइट सापडले. फेल्स्पार या खनिजाला प्रचंड आघात बसला, तर ते न वितळताच काचरूप होते. तेच हे द्रव्य. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही.

विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. ज्या बेसाल्टात ते खोदले गेले, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विवराचे वय पूर्वी सुमारे 50,000 वर्षे मानत. आर्गॉन पद्धतीने केलेल्या अलीकडच्या कालमापनानुसार ते सुमारे 5,70,000 वर्षे भरते. बेसाल्टात उल्कापाताने पडलेले आणि इतक्या सुस्थितीत उरलेले विवर पृथ्वीवर विरळाच. चंद्रावरील काळसर सखल भाग व मंगळाचा बराचसा पृष्ठभागही याच जातीच्या खडकाचा असल्याने त्यांच्या अभ्यासकांना लोणार हे हाताशी असलेले प्रतिरूप वाटते.

पाणी खारे का, याचे उत्तर विवराच्या आकारात आहे. पाणी आत येते. बाहेर जायला वाट नाही. झरे व पावसाचे ओहोळ खडकांतून क्षार विरघळवून आणतात, ऊन पाणी उडवून नेते, क्षार मागे राहतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम गाळात बसतात आणि पाण्यात सोडियमचे क्षार उरतात. शुद्ध पाण्याचा सामू 7. येथे तो 10 च्या आसपास आढळत आला आहे. हे पाणी दोन बोटांत घेऊन चोळावे. साबण लावल्यासारखा बुळबुळीतपणा लगेच जाणवतो.

हाच तो खार. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठावर पांढरट थर धरतो आणि पायाखाली कुरकुरतो. जुन्या काळी येथे त्याच्या जाती नावानिशी ओळखल्या जात: घट्ट खड्यांचा दल्ला, पातळ पापुद्र्यांची पापडी, भुकटीसारखी भुसकी, याखेरीज खप्पल आणि इतरही. या खाराने वाळू कमी उष्णतेत वितळते, म्हणून तो बांगड्यांच्या काचेला लागे; तेलाशी त्याचा संयोग होऊन साबण बने. रंगाऱ्यांना आणि धुण्यालाही तो हवा असे. पापडखार म्हणून आपण जो वापरतो, तोही याच कुळातला. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारची काच-साबणाची सामग्री, तिचे भरघोस उत्पन्न आणि या क्षेत्राचे पावित्र्य या तिन्हींची नोंद आहे. पुढे कारखान्यातला धुण्याचा सोडा आला आणि या खाराची गरज ओसरली. सन 2000 मध्ये हा परिसर अभयारण्य झाला. आज येथील खार कोणी नेऊ नये.

गावाचे दुसरे धन म्हणजे धार. विवराच्या कडेलाच गोमुखातून बारमाही गोड पाणी पडते. लोक त्याला नुसते ‘धार’च म्हणतात. पर्वकाळी येथे स्नानाला गर्दी लोटते. एवढ्या खाऱ्या पाण्याच्या माथ्यावर हा गोड झरा नसता, तर येथे क्षेत्रही वसले नसते आणि गावही नाही.

वस्तीच्या मध्यभागी दैत्यसूदनाचे मंदिर आहे. चालुक्यकालीन, हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे हे देवालय पायापासूनच तारकाकृती असल्यामुळे भिंतींना सतत कोन फुटत जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कोनावर छायेची वेगळी पट्टी उमटते. आत अंधार असतो. छतावरील पौराणिक शिल्पे नीट पाहायची, तर विजेरी बाळगावी आणि मानेला थोडा त्रास द्यावा. गावातील लिंबी बारवही चुकवू नये.

जून 2020 मध्ये सरोवर अचानक गुलाबी झाले, तेव्हा नाना तर्क उठले. तपासणीअंती हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य कारणीभूत ठरले. एरवी पाणी हिरवे दिसते ते शैवालसदृश सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नांदूरमध्यमेश्वरनंतरचे राज्यातील दुसरे रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून लोणारची निवड झाली.

खाली उतरून काठाने चालत गेले, की कमळजा देवीचे मंदिर लागते. नवरात्रात येथे यात्रा भरते. मंदिरासमोर सासू-सुनेची विहीर आहे; तिच्या एका बाजूचे पाणी खारे, दुसऱ्या बाजूचे गोड, असे सांगतात. खारी बाजू सासूची की सुनेची, हे मात्र सांगणाऱ्यावर अवलंबून असते.