रुळालाच कळतं, गाडी आली!

इनामगावच्या माणसाला लांब पल्ल्याची गाडी धरायची तर दौंड जंक्शन गाठावं लागतं. तिथे फलाटाच्या टोकाला उभं राहून एकदा सिग्नलकडे नीट बघा. इंजिनाची पुढची चाकं त्याच्यापलीकडे गेली रे गेली, की हिरवा दिवा लाल होतो. त्यासाठी कुणी बटण दाबत नाही. गाडी आल्याची खबर रुळांवरूनच गेलेली असते!

ही करामत जमवली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने. 1870 साली त्याने केलेल्या पहिल्या रचनेत गाडी आली की वीज वाहायची. पण तार तुटली, की गाडी उभी असलेला रूळही मोकळा दिसे. मग त्याने सगळंच उलटं केलं आणि 1872 मध्ये पेटंट घेतलं. रुळांचा एक तुकडा इन्सुलेटेड जॉइंट घालून वेगळा काढायचा, एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने उचलला जाणारा स्विच. रूळ रिकामा असेपर्यंत रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाकं आणि ॲक्सल दोन्ही रूळ जोडतात, वीज तिथूनच परत फिरते आणि रिले पडतो. बॅटरी उतरली किंवा तार तुटली तरीही रिले पडतो, सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तरी गाडी थांबावी, ही केवढी थोर सोय! आता बऱ्याच ठिकाणी चाकं मोजणारे ॲक्सल काउंटरही असतात.

कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी 1998 मध्ये उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं, की घरच्या टेबलावरही हे करावंसं वाटतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत सामान मिळतं. एक रूळ कापून तुकडा वेगळा करा आणि त्याची वीज ब्रिज रेक्टिफायरमधून न्या, त्याचे प्लस-मायनस एकमेकांना जोडून. इंजिन वीज ओढू लागलं की रेक्टिफायरच्या उरलेल्या दोन टोकांमध्ये साधारण 1.4 व्होल्ट उभे राहतात, गाडी कुठल्याही दिशेने जावो. त्यावर छोट्या रेझिस्टरमधून पीसी 814 हा ऑप्टोकपलर चालतो. त्याच्या चार पायांच्या काळ्या ठोकळ्यात उजेड पडतो आणि समोरचा ट्रान्झिस्टर जागा होऊन इशाऱ्याचा दिवा लावतो. दोन्ही बाजूंना जोडणारी तार आत नाहीच, खबर पोचते ती प्रकाशाने! चाकाखाली धूळ आली की दिवा फडफडतो, म्हणून पुढे एक कपॅसिटर लावावा.

मात्र ही रचना 1870 च्या जातीची आहे. रेग्युलेटर शून्यावर आणला, की उभी गाडी सर्किटला दिसतच नाही. त्यासाठी मोटर फिरणार नाही इतकी बारीक वीज रुळांत कायम सोडून ठेवावी. डब्यांना मोटर नसते, म्हणून त्यांच्या ॲक्सलवर दोन्ही चाकांना जोडणारा 10 किलोओहमचा रेझिस्टर बसवतात. 12 व्होल्टला त्यातून जेमतेम 1.2 मिलीअँपिअर प्रवाह वाहतो.

रेल्वेचे सिग्नलवाले 0.5 ओहमचा रेझिस्टर दोन्ही रुळांवर टेकवून रिले पडतो का, ते तपासतात. घरी रेग्युलेटर पूर्ण उघडून, इंजिन न ठेवता, तोच 10 किलोओहमचा रेझिस्टर रुळांवर टेकवावा. दिवा लागला, तर शेवटचा डबा मागे सुटून राहिला तरी तो दिसेल.