अंगाला बसणारा साधा टी-शर्ट

पोट थोडं सुटलेला माणूस दुकानात टी-शर्ट घालून बघतो, तेव्हा छातीच्या मापाचा नग पोटावर ताणतो. मग तो एक साइज वरचा घेतो. आता पोटावर तो सैल बसतो, पण खांद्याची शिलाई दंडावर उतरते आणि बाही कोपराला टेकते. दोष त्याच्या शरीराचा नाही, मापांच्या तक्त्याचा आहे. आपल्याकडचे तक्ते बहुतांशी अमेरिका-ब्रिटनच्या मापांवरून आलेले. म्हणून तर फॅशनचं शिक्षण देणाऱ्या ‘निफ्ट’ या संस्थेने २०१८ मध्ये ‘इंडियासाइझ’ सर्वेक्षण जाहीर केलं: सहा शहरांतल्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची.

टी-शर्टच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांची जागा नेमकी इथे आहे, असं मला ठामपणे वाटतं. किमतीत मोठ्या कंपन्यांशी टक्कर होणार नाही. पण त्यांना सगळ्यांना चालेल असं माप काढावं लागतं. तुम्हाला एकाच अंगकाठीचं गिऱ्हाईक पुरतं. बुटकं आणि रुंद, किंवा उंच आणि सडपातळ. ते आधी ठरवा, छापायची चित्रं आणि ब्रँडचं नाव नंतर.

कपड्याचे साचे आखणारा चांगला पॅटर्न मास्टर गाठा आणि त्याच्याशी सगळ्यात जास्त वेळ मुंढ्यावर, म्हणजे बाही जोडतात त्या घेरावर बोला. मुंढा फार खोल ठेवला तर हात वर करताच अख्खा टी-शर्ट वर ओढला जातो. फार उथळ ठेवला तर काखेत काचतो. बहुतेक स्वस्त टी-शर्टांचा मुंढा खोल असतो, कारण तो कुणाच्याही अंगात शिरतो. साइज वाढवतानाही सगळी मापं सारखी वाढवून चालत नाही. छाती आणि पोटाचा घेर वाढतो, खांदा त्या मानाने थोडाच वाढतो.

कापड होजिअरीचं लागतं. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर मुख्यतः ताण्याबाण्याचं कापड निघतं. टी-शर्टला मात्र धाग्याचे फास एकमेकांत गुंतवून केलेलं, ताणलं जाणारं सिंगल जर्सी हवं. त्यासाठी तमिळनाडूतलं तिरुपूर किंवा पंजाबातलं लुधियाना. हे कापड किलोवर मिळतं. १८० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम भरणाऱ्या कापडाच्या एका किलोत साधारण चार ते पाच टी-शर्ट निघतात. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी नासवली, म्हणून २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करायला लावले होते. आज तिथल्या रंगाईच्या दरात सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च धरलेला असतो. तो द्यावा, त्यात घासाघीस करू नये.

आटण्याची परीक्षा मात्र स्वतः घ्या. कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, तीनदा धुऊन वाळवा, पुन्हा मोजा. उभ्यात ४७ भरला तर आट ६ टक्के. ७० सेंटिमीटर उंचीचा टी-शर्ट चार सेंटिमीटरहून जास्त आखूड होणार. चौकोन तिरका झाला असेल तर धाग्याचा पीळ सुटतो आहे, आणि बाजूची शिलाई काही धुण्यांत पोटावर येईल. असं कापड परत करा. चांगलं कापडही ठाणातून उलगडून काही तास मोकळं सोडावं, मगच कात्री लावावी. ताणलेलं कापड कापलं की शिवल्यावर मापं हुकतात.

पैसा अडकतो तो शिल्लक मालात. चार साइज आणि तीन रंग म्हणजे १२ प्रकार झाले, आणि प्रत्येकाचा साठा ठेवावा लागतो. मधल्या साइज संपतात, कडेच्या पडून राहतात. सुरुवात एक-दोन रंगांवर करा, तेही व्यापाऱ्याकडे तयार असलेल्या. खास रंगवून घ्यायला किमान वजनाची अट असते. त्या मानाने कराचा भार मोठा नाही: २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे.

पहिले नग विकू नका. ज्या अंगकाठीसाठी शिवलेत, तशा ओळखीच्यांना द्या, महिनाभर घालायला-धुवायला सांगा, मग परत मागवून छाती, खांदा, मुंढा, उंची पुन्हा फितीने मोजा. कापडाची मोठी ऑर्डर त्यानंतरच द्या.